मुंज म्हणजे नेमकं काय? मातृभोजनापासून सोडमुंजीपर्यंत

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकमधल्या एखाद्या मंगल कार्यालयात डोकावलात, तर कधी लग्नाऐवजी मुंज चाललेली दिसेल. अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता सगळं लग्नासारखंच. फक्त अंतरपाटाच्या एका बाजूला वडील असतात आणि दुसऱ्या बाजूला आठ-दहा वर्षांचा बटू.

नाव कुठून आलं?
बटूच्या कमरेला मुंज नावाच्या गवताची मेखला बांधतात, म्हणून 'मुंज' किंवा 'मौंजीबंधन'. संस्कृत नाव 'उपनयन', म्हणजे जवळ नेणं. मुलाला शिकण्यासाठी गुरूजवळ नेण्याचा हा संस्कार.

मुंजीत काय होतं?
फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये दाखवून दिलं, की जगभरच्या अशा संस्कारांत तीन टप्पे असतात: जुन्या आयुष्यापासून तुटणं, उंबरठ्यावर थांबणं आणि नव्या रूपात परतणं. मुंजीत हे तिन्ही दिसतात.

1. तुटणं: मातृभोजनात मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. मग केस कापले जातात.
2. उंबरठा: लंगोटी, मेखला, जानवं आणि हातात पळसाचा दंड. वडील कानात गायत्री मंत्र सांगतात. त्यानंतर बटू भिक्षा मागतो आणि पहिली भिक्षा आईच घालते.
3. परतणं: शिक्षण संपल्यावर सोडमुंज. बटू काशीला निघतो आणि मामा 'माझी मुलगी देतो' म्हणून त्याला थांबवतो, अशी गमतीची प्रथा आहे.

पूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात बारा वर्षांचं अध्ययन अपेक्षित होतं. आता सोडमुंज बहुतेकदा थोड्याच दिवसांत, कधी त्याच दिवशीही उरकतात.

मग 'मुंज्या' कोण?
2024 च्या हिंदी चित्रपटामुळे हे नाव सगळ्यांना माहीत झालं. लोकसमजुतीनुसार मुंज झालेला, पण सोडमुंज न झालेला मुलगा वारला, तर तो मुंज्या होऊन पिंपळावर राहतो. म्हणजे उंबरठ्यावरच अडकलेला मुलगा.

उंबरठ्याबाहेर कोण राहिलं?
गृह्यसूत्रांत ब्राह्मणाला आठवं, क्षत्रियाला अकरावं आणि वैश्याला बारावं वर्ष सांगितलं आहे. शूद्रांना हा अधिकारच नव्हता. मुलींसाठी मनुस्मृतीने विवाह हेच उपनयन ठरवलं. हारीताच्या धर्मसूत्रात मात्र वेद शिकणाऱ्या मुलींच्या उपनयनाचा उल्लेख आहे.

मुंज हे वेदाध्ययनाचं दार असल्याने ते कोणासाठी उघडायचं, हा प्रश्न प्रतिष्ठेचा होता. 1899 मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांसाठीही पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं आणि महाराष्ट्राच्या सामाजिक राजकारणाला वळण मिळालं.

आज काय बदललं?
पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था मुलींचीही मुंज करतात आणि मंत्रांचा अर्थ मराठीत समजावून सांगतात. शाळेत जाण्यासाठी आज कोणालाच मुंजीची गरज नाही. त्यामुळे पुढच्या वेळी मुंजीचं आमंत्रण आलं, तर जेवणाआधी एक प्रश्न बटूला जरूर विचारा: "तुला आज काय शिकायला सुरुवात करायची आहे?" मुंजीचा मूळ हेतू तोच होता.