ओढ्याकाठचा वाळुंज

आज आम्ही तुम्हाला एका झाडाचा इतिहास सांगणार आहोत. झाडाचं नाव वाळुंज. नाव ऐकून कुणाला आडनाव आठवेल, कुणाला गाव. अहिल्यानगरजवळ वाळुंज आहे, पुरंदर तालुक्यातही आहे. पण झाड दाखवा म्हटलं, तर आपल्यातल्या किती जणी दाखवू शकतील?

आम्हालाही दाखवता आलं नव्हतं. आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या आजींनी ओढ्यावर नेऊन ते दाखवलं. पानं लांबट, टोकाला निमुळती, खालून पांढुरकी. खोडाची साल खडबडीत, उभ्या भेगांची. पावसाळा सरला की त्याला पिवळसर, सुवासिक तुरे येतात. पुढे फळं उकलतात आणि बारीक कापूस वाऱ्यावर उडतो. पपईसारखं यातही नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. आजी म्हणाल्या, “आम्ही धुणं धुवायला यायचो तेव्हा याचीच सावली होती. जिथं वाळुंज, तिथं उन्हाळ्यातसुद्धा खाली ओल.”

विलो नावाचं झाड आपण बर्फाच्या मुलखातलं समजतो. क्रिकेटची बॅट त्याचीच होते. वाळुंज हा त्याच कुळातला, पण इथला, उष्ण मुलखात राहणारा. महाबळेश्वरच्या ओढ्यांपासून पुण्यात मुळा-मुठेच्या काठापर्यंत तो वाढत आला आहे. आयुर्वेदातलं जलवेतस हे नाव याच झाडाशी जोडलं जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीतज्ज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. नाव दिलं ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ चार बियांचा.

‘सॅलिक्स’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो आपल्या घरातल्या औषधाच्या डबीपर्यंत पोहोचला आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री होते. दलदलीच्या भागात थंडीतापाचे रोगी फार, आणि विलोही तिथेच वाढतो. जिथं दुखणं तिथंच औषध असेल, असा त्यांनी विचार केला. साल वाळवून, कुटून त्यांनी सुमारे ५० रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये तो अनुभव छापून आला. १८२८ मध्ये जर्मनीत विलोच्या सालीतून एक कडू द्रव्य वेगळं काढलं, त्याला सॅलिसिन म्हणाले. त्याच वाटेने पुढे १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झाली. आपल्याकडेही तापावर वाळुंजाची साल वापरायची रीत होती.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो. हे ऐकून साल उकळून कुणाला पाजू नका. लहान मुलं, गरोदर बाई, डेंग्यूचा संशय असलेला रुग्ण, यांना असलं औषध घातक ठरू शकतं. ताप आला तर आरोग्य केंद्रात जा.

आता आपल्या हयातीतला इतिहास. पूर्वी ओढ्याच्या दोन्ही अंगांना हात-दोन हात झाडोरा सोडलेला असे. वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ. फांद्यांच्या टोपल्या होत, पाला शेरडांना जाई. मग काठावर इंजिनं आली, विजेचे पंप आले. चिबड जमिनीला चर काढून तिथंही पीक घेतलं. शेत थेट पाण्याला भिडलं. वाळू उपसली गेली, काही ठिकाणी यंत्रानं ओढा सरळ करून टाकला. वाळुंजाचं बी फार दिवस टिकत नाही. पडल्याबरोबर त्याला ओली, मोकळी माती मिळावी लागते. काठच राहिला नाही, तर ते रुजणार कुठे?

२०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेला महापूर आले. असा पूर एक झाड अडवू शकत नाही, हे खरं. पण मुळांनी बांधलेला काठ आणि उघडा काठ यांतला फरक आमच्या ओढ्याला आम्ही दर पावसाळ्यात बघतो. उघड्या काठाची माती ढासळते, आणि ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते.

म्हणून आम्ही वाळुंज लावायला घेतला. पहिल्या वर्षी मृगात काड्या लावल्या, पहिल्याच पुरानं नेल्या. दुसऱ्या वर्षी भीतीनं वर, कोरड्यात लावल्या, त्या वाळल्या. तिसऱ्या वर्षी पूर ओसरल्यावर, काठ ओला असताना लावल्या. निम्म्या जगल्या.

रीत सोपी आहे. अंगठ्याएवढी जाड, दीड हात लांब, निरोगी फांदी घ्या. खालचं टोक तिरकं कापा, डोळे वरच्या दिशेला ठेवा आणि दोन भाग जमिनीत, एक भाग वर, अशी खोचा. जागा अशी निवडा की चैत्र-वैशाखातही खाली ओल राहील. माळरानावर लावू नका. विहिरीच्या बांधकामाजवळ, घराच्या पायाजवळही नको, कारण मुळं पाण्याचा माग काढत जातात. पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवं, नाहीतर शेळ्या ठेवणार नाहीत. काड्या एकाच झाडाच्या घेऊ नका. नर आणि मादी दोन्ही असतील तरच पुढे बी धरेल. आणि एका झाडाच्या चार-दोन फांद्यांपेक्षा जास्त तोडू नका.

आमच्या ओढ्यावर जुनी झाडं तीनच उरली आहेत. काड्या त्यांच्याच. ती दाखवणाऱ्या आजी होत्या म्हणून सापडली. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एखाद्या थोरल्या बाईला बोलवा, तिच्यासोबत ओढ्यावर चक्कर मारा, आणि ती सांगेल ती नावं वहीत लिहून घ्या. वाळुंज सापडला, तर आम्हालाही कळवा.