मोठा टीव्ही ऑनलाइन घ्यायचा की जवळच्या दुकानातून? आचऱ्यात बसून मांडलेला हिशोब

गणपतीला पंधरा दिवस उरलेले असतात. मुंबईत नोकरी करणारा मुलगा लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर ५५ इंची टीव्ही ऑर्डर करतो आणि पत्ता घालतो गावच्या घराचा. चार दिवसांनी टेम्पो दारात येतो. घरी सत्तरीचे आईवडील. डिलिव्हरीवाला ओटीपी मागतो, ओटीपी गेलेला असतो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा असतो मीटिंगमध्ये. शेवटी बॉक्स पडवीत येतो आणि घरात प्रश्न उभा राहतो, "टीव्ही इलो, पण लावतलो कोण?"

मालवण तालुक्यातल्या आचरा गावात किंवा किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हे चित्र आता नवीन नाही. मोठा टीव्ही घ्यायचा तर इथल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे वीसेक किलोमीटरवरचं मालवण किंवा हायवेवरची कणकवली गाठायची आणि दुकानातून टीव्ही आणायचा. दुसरी म्हणजे मोबाइलवर ऑर्डर करायची. बहुतेक जण दोन्हीकडची किंमत बघतात आणि जिथे स्वस्त तिथे घेतात. पण मोठ्या टीव्हीच्या बाबतीत एवढा हिशोब पुरत नाही. का, ते एकेक करून बघू.

किंमत खरंच कमी असते का?

आधी कराचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे कर सोडून ४०,००० रुपये किंमत असलेला टीव्ही आधी ५१,२०० रुपयांना पडायचा, तो आता ४७,२०० रुपयांना पडतो. हा दर ऑनलाइनला आणि दुकानाला सारखाच आहे. त्यामुळे "ऑनलाइन टॅक्स कमी लागतो" हा समज चुकीचा आहे.

मग फरक कुठून येतो? मुख्यतः सेल, बँकांच्या कार्डावरची सवलत आणि एक्सचेंज ऑफर यांतून. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, मॉडेल नंबर. बऱ्याच कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळी मॉडेल काढतात. टीव्ही दिसायला सारखाच, इंचही तेवढेच, पण पॅनेल, स्पीकर, एचडीएमआय पोर्टची संख्या यांत फरक असू शकतो. म्हणून "५५ इंच फोरके" एवढ्यावर तुलना करू नका. पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, जुळवून बघा.

दुसरी, नो-कॉस्ट ईएमआय. बँक व्याज सोडून देत नाही. व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून किमतीतून आधीच वजा केलेली असते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय प्रोसेसिंग फी असू शकते. आणि ही सवलत ईएमआय न घेता रोख देणाऱ्याला मिळते का, हे दुकानात विचारता येतं. ॲपला विचारता येत नाही.

मोठ्या टीव्हीचं दुखणं काय?

५५ इंच हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, म्हणजे तिरकं असतं. असा टीव्ही साधारण चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच भरतो. ६५ इंची टीव्हीची रुंदी पावणेपाच फुटांच्या आसपास जाते. एवढ्या मोठ्या पडद्याची जाडी मात्र अगदी कमी असते. त्यामुळे हा बॉक्स नेहमी उभाच न्यायचा असतो. आडवा टाकला, वर दुसरं सामान ठेवलं की पॅनेलला तडा जाण्याची भीती असते.

टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा भाग पॅनेलचा असतो. आणि पॅनेल फुटलं, तर ते वॉरंटीत बसत नाही, कारण वॉरंटी बिघाडाची असते, फुटण्याची नसते. म्हणजे ज्या प्रवासात टीव्ही फुटू शकतो, त्या प्रवासाची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

ऑनलाइन ऑर्डरमध्ये घरात येईपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची असते. फक्त टीव्ही आला तेव्हाच फुटलेला होता, हे दाखवता आलं पाहिजे. दुकानातून घेतल्यावर दुकानदाराने आपल्या गाडीने पाठवला, तर जबाबदारी त्याची. पण "गाडी आहेच आमची" म्हणत तुम्ही स्वतः रिक्षा-टेम्पोत घालून आणलात आणि वाटेत काही झालं, तर दुकानदार हात वर करू शकतो. म्हणून चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम घेऊ नका. घरपोच देण्याचं बिलावर लिहून घ्या.

बॉक्स आला, पुढे काय?

ऑनलाइन खरेदीत दोन पद्धती दिसतात. एक, ओपन बॉक्स डिलिव्हरी. यात डिलिव्हरीवाल्यासमोर बॉक्स उघडायचा, टीव्ही नीट बघायचा आणि मगच ओटीपी द्यायचा. दुसऱ्या पद्धतीत कंपनी सांगते, की बॉक्स आमचा टेक्निशियनच उघडेल. तसं असेल तर बॉक्स उघडू नका. मात्र चारही बाजूंचा आणि कोपऱ्यांचा व्हिडिओ करून ठेवा. बॉक्स चेपलेला किंवा फाटलेला असेल तर डिलिव्हरीच नाकारा. नंतर टेक्निशियन बॉक्स उघडेल तेव्हा पहिल्या सेकंदापासून टीव्ही सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ करा.

इथे खेडेगावातल्या ग्राहकाची एक अडचण होते. टीव्ही बदलून मिळण्याची मुदत साधारण डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते आणि ती थोड्याच दिवसांची असते. समजा मुदत सात दिवसांची आहे आणि टेक्निशियन कणकवलीहून आठव्या दिवशी आला, तर? पडदा फुटलेला निघाला तरी ॲपवरचं 'रिप्लेस'चं बटण तोवर गायब झालेलं असतं. म्हणून टेक्निशियन उशिरा येणार असं दिसलं, की मुदत संपायच्या आत ॲपवर लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. नुसत्या फोनवर विसंबू नका.

आणि घरी म्हातारी माणसं असतील, तर डिलिव्हरीची तारीख आपल्या गावी येण्याच्या दिवसांतली निवडा. चतुर्थीच्या आदल्या दिवशीची नको, कारण त्या गर्दीत टेक्निशियन मिळणं कठीण.

चिऱ्याची भिंत आणि खारी हवा

कोकणातली अनेक जुनी घरं जांभ्या चिऱ्यांची आहेत. जांभा सच्छिद्र असतो. ड्रिल मारताना भोक ढासळलं, तर साधा स्क्रू धरत नाही. भिंत चिऱ्याची आहे हे टेक्निशियनला आधीच सांगा आणि लांब बोल्ट आणायला लावा. खात्री नसेल तर टीव्ही सरळ मजबूत टेबलावर स्टँडवर ठेवा. भिंतीवरच्या स्टँडचे पैसे टीव्हीच्या किमतीत धरले आहेत का, हेही विचारून घ्या. काही वेळा ते वेगळे घेतात.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात वीज जाणं-येणं किनाऱ्यावरच्या गावांना नवीन नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा विजेचे खांब पडून अनेक गावं काळोखात होती. वीज पडून किंवा व्होल्टेज अचानक वाढून टीव्ही जळला, तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते धरत नाहीत. त्यामुळे घराचं अर्थिंग तपासून घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा आणि गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. आचऱ्यात गावपळणीला तीन दिवस अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहतो. अशा वेळी किंवा चाकरमानी मुंबईला परतताना घर बंद करायचं असेल, तेव्हाही हेच करायचं.

समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत धातूचे भाग लवकर गंजतात. दर्याच्या बाजूच्या खिडकीसमोर टीव्ही लावू नका. पावसाळ्यात तो आठवड्यातून दोन-तीनदा थोडा वेळ सुरू ठेवा.

मग दुकानच बरं का?

दुकानाचा मोठा फायदा म्हणजे ओळखीचा माणूस. टीव्ही बंद पडला तर आईवडील त्याला फोन करू शकतात, ॲपच्या चॅटवर टाइप करत बसावं लागत नाही. जुना टीव्ही नेणं, नवीन लावून देणं, डिश जोडून देणं ही कामं दुकानाचा माणूस एका फेरीत करून जातो.

पण दुकानाच्याही गमती आहेत. तिथे मोजकीच मॉडेल असतात आणि त्यातलं एखादं मागच्या वर्षीचं असू शकतं. शोरूममधले टीव्ही भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात, घरच्या उजेडात ते तसे दिसत नाहीत. "दोन वर्षं आम्ही बघू" हे तोंडी आश्वासन कागदावर नसेल तर त्याला अर्थ नाही. आणि "बिल नको असेल तर कमी करतो" असं कोणी म्हणालं, तर उठून या. बिल नसेल तर वॉरंटी मागता येत नाही आणि तक्रारही पुढे सरकत नाही.

वाद झाला तर मुंबई-बंगळुरूला जावं लागतं का?

नाही. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. आधीच्या १९८६ च्या कायद्यात विकणारा जिथला किंवा व्यवहार जिथे घडला, तिथे तक्रार करावी लागायची. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आचऱ्यात राहणाऱ्याला ती ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत करता येते. खरेदी मुलाने केली असली, तरी त्याच्या संमतीने टीव्ही वापरणारे आईवडीलही कायद्याने ग्राहकच ठरतात.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. बरीच प्रकरणं तिथेच मिटू शकतात.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. दुकानालाही नियम आहेत. बिल न देणं आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही.

ठरवायचं कसं?

ऑर्डर देण्याआधी एवढं करा:

- कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून गावाचा पिनकोड सांगा. टेक्निशियन घरी येतो का, किती दिवसांत येतो, ते विचारा.
- ॲपवर विकणाऱ्याचं नाव बघा. तो कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, तपासा.
- त्याच मॉडेल नंबरची किंमत जवळच्या दोन दुकानांत विचारा. घरपोच पोहोचवणं, लावून देणं आणि स्टँड यांच्यासकट विचारा.
- ऑनलाइन किमतीत टेक्निशियनची फी, स्टँड आणि ईएमआयचे जादा पैसे मिळवा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा.
- टीव्ही येईल तेव्हा घरी कोण असेल, ते आधी ठरवा.

घरी व्हिडिओ करणारा, ॲपवर तक्रार टाकणारा माणूस असेल आणि सगळं धरूनही पाच-सात हजार वाचत असतील, तर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. घरी फक्त आईवडील असतील आणि फरक दोन-तीन हजारांचा असेल, तर टीव्ही मालवण-कणकवलीच्या दुकानातून घेतलेला बरा. पैसे मुलाला मुंबईतूनही पाठवता येतात. बिल मात्र वडिलांच्या नावावर करायला सांगायचं आणि ते टीव्हीच्या बॉक्समध्ये न ठेवता कपाटात ठेवायचं.