'स्केपगोट' आणि 'बळीचा बकरा'

इंग्रजीतील 'स्केपगोट' या शब्दासाठी मराठीत 'बळीचा बकरा' हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. व्यवहारात तो चालतो. परंतु शब्दाचा इतिहास पाहता त्यात घोटाळा आहे. ज्या बकऱ्यावरून मूळ शब्द आला, तो वेदीवर बळी जात नव्हता.

बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात यहुद्यांच्या प्रायश्चित्तदिनाचा विधी आहे. दोन बकरे आणावयाचे व चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वराच्या नावे, दुसरा 'अजाजेल'च्या नावे ठरवावयाचा. पहिल्याचा वध करून त्याचे रक्त पवित्रस्थानी शिंपडावयाचे. दुसऱ्याच्या मस्तकावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांच्या अपराधांचा उच्चार करावयाचा आणि त्यास जिवंतपणी अरण्यात धाडावयाचे. बळी एक, पापाचा वाहक दुसरा. पुढील काळी हा दुसरा बकराही कड्यावरून लोटला जाई, असे मिश्नात सांगितले आहे. तथापि तो वेदीवरचा बळी नव्हे.

'अजाजेल' हे अरण्यातील भूताचे नाव की स्थळाचे, यावर पंडितांत एकमत नाही. जुन्या ग्रीक व लॅटिन भाषांतरकारांनी 'दूर धाडलेला बकरा' असा अर्थ घेतला. विल्यम टिंडल याने 1530 साली छापलेल्या इंग्रजी भाषांतरात त्याच वाटेने 'स्केपगोट', म्हणजे निसटून जाणारा बकरा, हा शब्द घडविला. 1611च्या अधिकृत भाषांतराने तो कायम ठेवला. 1885च्या सुधारित आवृत्तीने 'अजाजेल' हे नाव परत आणले खरे. पण तोवर शब्द धर्मग्रंथाबाहेर पडून दुसऱ्याचा दोष वाहणाऱ्या माणसास लागू झाला होता.

या अर्थाचे ठळक उदाहरण फ्रान्सचे. 1894 साली कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफ्यूस या यहुदी अधिकाऱ्यास हेरगिरीबद्दल दोषी ठरविण्यात आले व पुढील वर्षी दूरच्या डेव्हिल्स आयलंडवर धाडण्यात आले. ज्या चिठ्ठीवरून खटला झाला, ती एस्टरहाझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याने लिहिली होती. हे उघड होऊ लागल्यावरही सैन्याच्या वरिष्ठांनी एस्टरहाझीस पाठीशी घातले, कारण चूक कबूल करणे त्यांस जड होते. ड्रेफ्यूसची निर्दोष मुक्तता 1906 साली झाली. ज्या समाजाच्या विधीतून हा शब्द आला, त्याच समाजातील माणसाच्या वाट्यास तो यावा, हे विलक्षणच. येथेही वध नाही. दोष लादणे आणि दूर धाडणे आहे.

मराठीत या क्रियेस जवळचा वाक्प्रचार 'दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे' हा होय. मात्र त्यात खापर फोडणाऱ्याची कृती आहे. ज्याच्या माथी ते फुटते, त्याला नाव नाही. ती उणीव भरण्यास 'बळीचा बकरा' पुढे आला, आणि दोन बकऱ्यांचा एक झाला.