गाण्यातल्या नावाचा माणूस

भिवंडीत माझं बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. कारखान्यात रेडिओ असे, पण गाणं नीट ऐकू येई ते शुक्रवारी, माग बंद असताना. गायक कोण, संगीतकार कोण, हे आम्हाला तोंडपाठ. मधे व्हायोलिनं उसळून जात, ती कोण वाजवतं हे विचारावंसंही वाटलं नाही. आमच्या गावचं कोरं कापडही असंच बाहेर जातं. रंग दुसरीकडे चढतो, छाप तिसऱ्याचा बसतो. विणणाऱ्याचं नाव ताग्यावर नसतं.

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. भल्यामोठ्या अंड्यातून सूटबूट घातलेला अमिताभ बाहेर पडतो आणि गाण्यात आपलं नाव सांगतो, अँथनी गोन्साल्विस. आम्ही पोरं ते नाव गल्लीभर ओरडत फिरायचो. या नावाचा माणूस खरोखरच आहे, हे मला बी.ए. झाल्यावर कळलं.

हे गोन्साल्विस दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. पुढे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत हीच विद्या उपयोगी पडली. संगीतकार चाल बांधी. पण सगळ्या वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं, हे कागदावर उतरवणारा अरेंजर बहुधा गोवेकर असे. गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादक म्हणून आले, मग अरेंजर झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य.

काम होतं, मोबदला होता. मग उणं काय होतं? स्टुडिओत वादकाच्या वाट्याला मुखडा आणि अंतरा यांच्यामधली काही सेकंदं येतात, आणि समोर श्रोता नसतो. गोन्साल्विस यांना एखादा राग पूर्ण वाद्यवृंदावर सविस्तर मांडायचा होता. आपलं संगीत एका सुरावटीचं, सिंफनीत अनेक सुरावटी एकत्र चालतात. रागाचा चेहरा न बिघडवता हे जमवायचं म्हणजे अवघडच! असलं काही मागणारा निर्माता कुठून मिळणार? त्यांनी स्वतःच रचना लिहिल्या. त्यात सारंग रागातला एक कॉन्चेर्टोही होता. आणि १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. एरवी ज्यांच्या आवाजामागे वाजवायचं, त्यांच्या शेजारी, लोकांच्या डोळ्यांसमोर फिल्मी वादक वाजवत होते.

आम्हा चार-पाच मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान पोरांना मुशायऱ्यात जागा नव्हती, संमेलनाचं बोलावणंही येत नव्हतं. तेव्हा शुक्रवारी बंद असलेल्या लूमच्या शेडमध्ये आम्ही कविता वाचू लागलो. पहिल्या दिवशी अकरा श्रोते, त्यांतले तीन हमाल. गोन्साल्विस यांची गोष्ट मला जवळची वाटते ती त्यामुळे. फरक एवढाच की कवीला कागद पुरतो, त्यांना शंभर माणसं लागत. तो वाद्यवृंद टिकला नाही.

१९६५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. परतले ते माजोर्ड्याला, चित्रपटांत पुन्हा आले नाहीत. प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात आणलं, ही गुरुदक्षिणा मोठीच. पण झालं उलटं. नाव घरोघरी गेलं आणि माणूस काल्पनिक ठरला.

जानेवारी २०१२ मध्ये ते गेले. त्या शुक्रवारी शेडमध्ये मी ही बातमी सांगितली, तर आमच्यातला एक कवी चकित होऊन म्हणाला, “म्हणजे, असा माणूस होता?”