वाकणारा गुडघा, टिकणारा गुडघा

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत मूळचे मध्य प्रदेशातील. पण त्यांची वैद्यकविश्वातील ओळख याहून पाव शतक जुनी होती.

१९७० पूर्वीचे बहुतेक कृत्रिम गुडघे बिजागरीसारखे होते. नैसर्गिक गुडघा वाकताना घसरतो, किंचित वळतोही. बिजागरी केवळ वाकते. वळण्याचा सारा ताण हाडात रोवलेल्या दांड्यांवर येई आणि सांधा सैल होई. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, राणावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा वापरात आणला. मांडीच्या हाडावर धातूचे आवरण, नडगीवर पॉलिथिलीनची बैठक. मध्ये बिजागरी नाहीच. तो जेमतेम काटकोनापर्यंत वाके. परंतु १९९३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा सुमारे ९४ टक्के सांधे टिकल्याचे दिसले.

काटकोन खुर्चीला पुरतो. मांडी घालून जेवणाऱ्याला किंवा उकिडवे बसणाऱ्याला नाही. म्हणूनच अधिक वाकणारे ‘हाय-फ्लेक्स’ सांधे आशियात उत्साहाने स्वीकारले गेले. २००७ मध्ये कोरियातील एका अभ्यासात अशा ७२ गुडघ्यांपैकी २७ मध्ये मांडीकडील भाग सैल झालेला आढळला, तोही सरासरी ३२ महिन्यांत. उकिडवे बसू शकणाऱ्या रुग्णांतच हे प्रमाण अधिक होते! इतरत्र निष्कर्ष इतके वाईट नव्हते. मात्र तौलनिक चाचण्यांत या सांध्यांचे वाकणेही साध्या सांध्यांहून फारसे सरस ठरले नाही.

भारतात तोवर या आश्वासनाची किंमत मोजली जातच होती. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कमाल किमती ठरवल्या. त्यापूर्वी साध्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये, तर हाय-फ्लेक्सची १,८१,७२८ रुपये होती. नव्या मर्यादा ५४,७२० आणि ५६,४९० रुपये, म्हणजे तेवीस हजारांचा फरक १,७७० रुपयांवर आला.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील संशोधनाने संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, असा अंदाज दिला. त्यामागील दीर्घकालीन नोंदी ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या, खुर्चीवर बसणाऱ्या समाजांच्या. भारतीय शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही २००६ पासून आहे. पण तीत नोंद करणे ऐच्छिक आहे.