नाला आणि नगर

जबलपूरच्या वस्त्यांची नावे नुसती वाचली, तरी त्या नगराच्या पाण्याचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. राणीताल, चेरीताल, अधारताल: पहिले राणी दुर्गावतीचे, दुसरे तिच्या दासीचे, तिसरे तिचा मंत्री अधारसिंह याचे, असे परंपरा सांगते. १५६४ साली राणी धारातीर्थी पडली. तळी मागे राहिली. पावसाचे पाणी तळ्यांत साठे, उरलेले नाल्यांवाटे वाहून जाई. पुढे वस्ती वाढली, कित्येक तळी बुजली आणि ओमती व मोती नाल्यांवर भार पडला.

नाला बांधणे हे वरवर पाहता अभियंत्याचे काम. परंतु रस्ता खणला जातो तो कोणाच्या तरी उंबरठ्यासमोर. तो का खणला, किती दिवस खणलेला राहणार, पुढे त्याची निगा कोणी राखायची, हे त्या घराला कळले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात त्या नाल्याची कचराकुंडी होते. १८९७ साली प्लेग आला असता पुण्यात सैनिक घराघरांत शिरले. हेतू आरोग्यरक्षणाचा होता. पण लोकांना विश्वासात घेतले गेले नाही. त्या संतापाची परिणती २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली जाण्यात झाली.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९१७ साली, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने जबलपूरच्या नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही, तसे गल्लीबोळ पायी हिंडल्यावाचून नगराचा आराखडा काढू नये, अशी त्यांची शिस्त होती.

त्याच सुमारास होळकर दरबाराने त्यांना इंदुरास पाचारण केले. तेथेही प्लेगचे भय होते आणि खर्चिक भुयारी गटारांची योजना पुढे आली होती. नगर गटारासाठी नसून गटार नगरासाठी आहे, असे गेडिस यांचे म्हणणे होते. पण ते अहवालापुरते न ठेवता त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावरची घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त झाली असतील त्या रस्त्याने जाईल, असे आधीच जाहीर झाले. साऱ्या शहरात झाडलोट सुरू झाली. गाड्यांवर गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. दोघांचे अखेरीस दहन झाले. आणि रंगविलेल्या गाड्यांबरोबर, शुभ्र वस्त्रे लेवून, गळ्यात हार घालून, नगराचे सफाई कामगार सन्मानाने चालत होते. ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना त्या दिवशी नगराने अग्रभागी पाहिले.

प्लेग ओसरला, तो काही केवळ मिरवणुकीने नव्हे. त्याचा हंगामही सरत आला होता. परंतु घाण व रोग यांचा संबंध जाहीरनाम्याने पटत नव्हता, तो लोकांच्या स्वतःच्या सणाने पटविला.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. नागरिकांना विचारण्याची व सांगण्याची जागा अशी कायद्यानेच निर्माण झाली. मात्र कचेरीच्या फळ्यावर नोटीस डकविली म्हणजे ती लोकांना कळली असे होत नाही. दगडचुन्याने नाला बांधला जातो. तो वाहता राहतो, तो काठावरच्या माणसाला आपला वाटला तरच.