एका पेल्याचे यंत्र

एका वेळी एकच पेला कॉफी करून देणारे यंत्र ही अगदी अलीकडची निर्मिती आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ह्या कल्पनेचे मूळ इटलीत आहे. तूरीनच्या आंजेलो मोरिओंदो ह्यांनी १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते एकदम पुष्कळ कॉफी करी. पुढे १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा ह्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ताजा पेला काढण्याची सोय केली.

हे यंत्र घरात आले ते कुपीच्या रूपाने. नेस्ले कंपनीतील अभियंता एरिक फाव्र ह्यांच्या कुपीचे पेटंट १९७६ सालचे, आणि तिची विक्री सुरू झाली १९८६ साली. अमेरिकेत जॉन सिल्व्हन व पीटर ड्रॅगोन ह्यांनी १९९२ साली क्यूरिग कंपनी काढली. तिची यंत्रे १९९८ साली प्रथम कचेऱ्यांत गेली. पेला सोपा झाला. मात्र प्रत्येक पेल्यामागे एक रिकामी कुपी उरू लागली. आपण हे काढले ह्याचे कधी कधी वाईट वाटते, असे स्वतः सिल्व्हन ह्यांनी २०१५ साली सांगितले.

कुपीपाठोपाठ यंत्रही कचऱ्यात जाऊ लागले. पण त्याच्या पोटात असते तरी काय? पाण्याची टाकी, छोटा पंप, पाणी तापवणारा भाग आणि कुपीला भोक पाडणारी सुई. जड पाण्यातील चुना तापवणाऱ्या भागात साचतो, नळी अरुंद होते, धार बारीक होते आणि मालक यंत्र टाकून देतो. वास्तविक लिंबाच्या सत्त्वाचे पाणी दोन-तीनदा फिरवले, मग स्वच्छ पाणी सोडले आणि सुईत अडकलेला चोथा काढला, की पुष्कळदा ते पूर्ववत चालू लागते. यंत्र अजिबात सुरूच होत नसेल, तर अतिउष्णतेने उडणारा फ्यूज गेलेला असू शकतो. तो तारेने जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. जाणत्याकडून नवाच बसवावा. पंप तर अनेक कंपन्यांच्या यंत्रांत सारखाच असतो, तेव्हा एका निकामी यंत्राचा पंप दुसऱ्याला जीवदान देतो.

खरी अडचण पुढेच आहे. नेस्प्रेसोच्या काही यंत्रांचे स्क्रू अंडाकृती डोक्याचे. साध्या पेचकसाला ते दाद देत नाहीत. २०१४ साली क्यूरिगने तर परक्या कुपीला नकार देणारे यंत्र विकायला काढले. ग्राहक संतापले. दुसऱ्याच वर्षी कंपनीने चूक मान्य करून पुन्हा पुन्हा भरता येणारी कुपी परत आणली.

त्याआधी, २००९ साली, मार्टिने पोस्टमा ह्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये पहिला दुरुस्ती-मेळावा भरवला. मोडकी वस्तू घेऊन यावे आणि जाणत्या शेजाऱ्याबरोबर बसून ती उघडावी, एवढाच त्याचा बेत. त्यातून अनेक देशांत असे मेळावे उभे राहिले. २०२४ साली युरोपीय संघाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदाही केला.

मोरिओंदोपासून आजवरच्या ह्या वाटचालीत कॉफी करण्याचे श्रम उत्तरोत्तर कमी झाले, ही गोष्ट उघडच आहे. पण जी वस्तू आपण विकत घेतो ती उघडून पाहण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो की नाही, हा प्रश्न त्या पेल्याहून मोठा आहे. टाकलेले यंत्र दुरुस्त करणारा मनुष्य पैसे तर वाचवतोच, शिवाय तो अधिकारही जपतो.